फुलवालीचा गाल

दुसऱ्याच्या तोंडावरचे खड्डे बुजवण्यात नवसाबाईचा हात धरणारं सातपुरात कुणी नव्हतं. ही थट्टा नव्हे, पोटापाण्याचा उद्योगच तो होता. यज्ञेश्वर साहेबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोटाएवढी धातूची माणसं तयार होत. शिपाई, घोडेस्वार, तुतारीवाले. सगळे खोक्यात बसून परदेशी जात. तिकडे म्हणे मोठमोठे बाप्ये असली माणसं हौसेनं कपाटात मांडून ठेवतात. ठेवोत बापडे.

शिसं आणि कथील वितळवून गोटीराम ओतारी ते रबरी साच्यात ओतायचा आणि थंड झालं की माणूस बाहेर काढायचा. पण साच्यातून निघालेला माणूस नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखाच, लगेच चारचौघांत दाखवण्याजोगा नसतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेघ उठलेली असते. आत हवा अडकली असेल तर गालावर, कपाळावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलेली असतात. हे सगळं रंगाच्या आधी निस्तरावं लागतं. लोकांना वाटतं, रंग दिला की झाकून जाईल. उलट रंगासारखा चुगलखोर दुसरा नाही. उघड्या धातूवर जे दिसत नव्हतं ते करड्या अस्तराचा एक हात फिरला की गावभर होतं.

नवसाबाई आधी बारीक कानशीने रेघ घासून काढी. मग दोन वेगळ्या वड्या एकत्र करून पुट्टी बोटांत मळी, पाण्यात भिजवलेल्या सुईच्या टोकावर मोहरीच्या दाण्याहून कमी घेई आणि भोकात दाबून बसवी. अगदीच बारीक भोकं असली तर पुट्टी पातळ करून ब्रशाने. रात्रभर वाळली की ओल्या पॉलिश पेपरने घासायचं, मग अंगठा फिरवून बघायचा. डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला लागतं, असं ती नव्या बायकांना सांगे. दहा वर्षं तिच्या अंगठ्याखालून गेलेला एकही नग परत आला नव्हता.

आणि तिच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण होते. देवालाही विनोद करायची हौस असते, आणि तो विनोद नेहमी गरिबाच्याच जिवावर होतो.

गंगापूर गावातल्या माळ्याच्या घरातली ही पोर, वणीच्या देवीला नवस बोलून झालेली, म्हणून नवसा. सातव्या वर्षी देवी आल्या, जीव ठेवून गेल्या आणि चेहरा घेऊन गेल्या. मुलगी दाखवायची वेळ आली तेव्हा घरच्यांनी पाहुण्यांना दिवेलागणीला बोलावलं आणि तिला पदर ओढून कंदिलाच्या उलट बाजूला बसवलं. लग्न झालं, एक मुलगी झाली, नवरा पुढे वारला. सराफ बाजाराशेजारच्या फुलबाजारात तिने झेंडू विकला, निशिगंध विकला, आणि चाळिशीला येता येता साहेबांच्या शेडमध्ये लागली. ते साल अठ्ठ्याऐंशी. शेडमध्ये तिला बरं वाटे. तिथे सगळे खाली मान घालून काम करत, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

मुलगी रूपाली. तान्ही होती तेव्हा आईच्या नाकाशेजारच्या सगळ्यात खोल खड्ड्यात करंगळी ठेवल्याशिवाय झोपायची नाही. हीच रूपाली पाचवीत गेल्यावर म्हणाली, "आई, तू शाळेत नको येत जाऊस, मी माझी येईन." आणि शहाण्णव साली पिंपळगाव बसवंतला तिचं लग्न झालं तेव्हा फोटोवाल्यासमोर म्हणाली, "आई, तू जरा मागं थांब ना. ह्यांच्याकडची माणसं पुढं येऊ दे." नवसाबाई मागे थांबली. आल्बम तयार होऊन आला. साठ फोटो. त्यात नवसाबाईचा एकदा औक्षणाचं ताट धरलेला हात होता आणि एकदा दिराच्या खांद्यामागून डोकावणारा अर्धा पदर. बस. मुलीच्या लग्नात आई कुठे होती म्हणून उद्या कुणी विचारलं, तर पुरावा एवढाच.

रूपालीच्या सासरी दर्शनी खोलीत काचेची शोकेस होती. पितळी हत्ती, काचेचे हंस, लग्नाचा फोटो, सासऱ्यांना मिळालेली ढाल. नवसाबाई महिन्या-दोन महिन्यांनी जाई तेव्हा त्या शोकेससमोरच्या खुर्चीवर बसून चहा घेई आणि बघत राही. तिथे आपण असावं, एवढंच तिला वाटे. पुढे नको, कोपऱ्यात का होईना. पण मुलीला असं तोंडाने सांगायचं कसं?

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर साहेबांना विलायतेहून नवीन काम आलं. शिपाई-घोडेस्वार पुरे झाले, आता बाजारातली माणसं हवीत, बारा. भाजीवाला, न्हावी, पोथी वाचणारे भटजी, फुलवाली. प्रत्येकी दोनशे नग. मूळ मूर्ती घडवायच्या साहेबांच्या बायकोने, उत्तराताईंनी. त्या चित्रकलेचं शिकलेल्या होत्या. पंचवटीत पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचे श्राद्धविधी सांगणाऱ्या घरात लग्न करून आल्या होत्या, आणि आपलं शिक्षण फुकट चाललं याचं त्यांना सतत वाईट वाटे. बाई मनाने चांगली. पण चांगल्या माणसांनी केलेलं नुकसान भरून येत नाही, कारण त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

"नवसाबाई," त्या एक दिवस म्हणाल्या, "फुलवाली मी तुमच्यावरून करणार आहे. तीन दिवस माझ्यासमोर बसाल?"

नवसाबाईला आधी कळेचना. कळलं तेव्हा हातातली कानस खाली पडली.

"माझ्यावरून? म्हंजी माझं तोंड?"

"तुमचंच. टोपली, पदर, सगळं तुमचं."

"मग ताई, एक मागू का? त्यातला एक नग मला द्याल? लेकीच्या घरी ठिवायला."

"अहो, एक काय! पहिला नग तुमचाच," उत्तराताई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी नवसाबाई चंदनाचा साबण लावून, पावडर थापून आली. उत्तराताई हसून म्हणाल्या, "पावडर पुसा हो, मावशी. उजेड नीट पडत नाहीये." तिने पुसली. तीन दिवस मांडीवर टोपली घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली. इतका वेळ एवढ्या जवळून तिच्याकडे जन्मात कुणी पाहिलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही. ताई बघत, मेणाला टोकरत, परत बघत. काय करतात ते दाखवायला मात्र तयार नव्हत्या. अर्धवट काम दाखवायचं नाही, हा त्यांचा नेम.

नवसाबाईने मनाशी हिशेब मांडला होता. तो चुकीचा म्हणता येणार नाही. ही विक्रीची वस्तू. विक्रीच्या वस्तूच्या तोंडावर खड्डे चालत नाहीत, हे दहा वर्षं ह्याच लोकांनी तिला शिकवलं होतं. तेव्हा ताई नाक घेतील, कपाळ घेतील, जिवणी घेतील, आणि गाल नीट करतील. देवी आल्या नसत्या तर आपण कशा दिसलो असतो, ते बघायला मिळेल.

मूर्ती झाली, तिच्यावरून रबरी साचा झाला. साच्याच्या दाबाखाली मेणाची मूळ मूर्ती चिरडली जाते, तशी तीही गेली. पहिला नग ताईंनी स्वतःच घासून-पुसून पसंतीसाठी विलायतेला धाडला. "तुमचा देते हं नंतर," ताई म्हणाल्या. तिकडून होकाराचा फॅक्स आला आणि त्याच आठवड्यात आईचं ऑपरेशन म्हणून उत्तराताई पुण्याला गेल्या.

मग गोटीरामने फुलवालीचे नग ओतले आणि ताटलीत घालून नवसाबाईसमोर आणून ठेवले.

तिने एक उचलला. नाक तिचं होतं. भुवया तिच्या. हनुवटी तिच्या आईची, म्हणजे तिचीच. आणि दोन्ही गालांवर भोकंच भोकं.

"गोटीराम!" ती ओरडली. "काय रे मुडद्या, बाकीच्या अकरांना बरी हवा धरली नाय ती? माझ्याच तोंडावर कशी धरली?"

"मावशी, माझी धार एकसारखीच असती," गोटीराम म्हणाला. "साच्यातच काय असंल."

"साच्यात! नाचता येईना अंगण वाकडं," असं म्हणून तिने पुट्टी मळायला घेतली.

आठ दिवस. दोनशे नग. इतकं जीव लावून काम तिने कधी केलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत उठली नाही. एकेक गाल भरला, वाळवला, घासला, अंगठ्याने पाहिला. एकेक फुलवाली गुळगुळीत होऊन ताटलीत उभी राहिली की तिला हसू येई. ही मी. बघा तरी, काही वाईट नव्हते मी.

आता कुणी विचारेल, तिला खरंच कळलं नाही? दहा वर्षांची कारागीर ती. हवेचं भोक आज इथे पडतं, उद्या तिथे. दोनशे नगांत नाकाशेजारी त्याच जागी तोच खोल खड्डा हवा काही आणून ठेवत नाही. चौथ्या दिवशीच तिच्या अंगठ्याला ते कळलं होतं. तिने अंगठ्याला गप्प बसवलं आणि पुढचा नग घेतला. उभ्या जन्मात एवढी एकच लबाडी तिने केली, आणि तीही स्वतःशी.

नवव्या दिवशी अस्तराचा हात देऊन नग सुकायला मांडले होते तेव्हा उत्तराताई परत आल्या. आल्या त्या थेट फुलवालीकडे. एक उचलला, दुसरा उचलला, आणि खिडकीच्या उजेडात धरले.

"हे कुणी केलं? नवसाबाई, हे काय केलंत तुम्ही?"

"लय भोकं पडली व्हती, ताई. भरली. एक बी दिसायचं नाय."

"अहो, ती भोकं नव्हती! मी एकेक वण सुईने कोरला होता. तिकडच्या माणसाने काय लिहिलंय माहितेय? बारा चेहऱ्यांत हा एकच जिवंत आहे म्हणून. ह्याच्यासाठी त्याने सगळी ऑर्डर पक्की केलीय!" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तुमचा चेहरा जसा आहे तसाच सुंदर वाटतो, नवसाबाई. म्हणून केला मी."

शेडमध्ये कानशींचा आवाज थांबला होता. सगळ्यांनी माना वर केल्या होत्या, आणि सगळे नवसाबाईच्या तोंडाकडे बघत होते.

"तुम्हाला वाटत आसंल, ताई," नवसाबाई म्हणाली. "तुम्ही ते कोरलं, हात धुतलं आन्‌ घरी गेल्या. मला ते तोंडावर घिऊन जावं लागतं. आदी इचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

उत्तराताईंनी साहेबांना बोलावणं धाडलं. यज्ञेश्वर साहेब आले. माल आठ दिवसांत निघायचा होता. रागावून उपयोग नव्हता म्हणून ते रागावले नाहीत, थिनर मागवलं. अस्तर धुऊन काढा, पुट्टी कोरून काढा, खड्डे होते तसे करा. "मावशी, तुम्ही भरलेत, तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणाला जमणार नाही," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

पण त्यात एक मेख होती. गोटीरामची धार कितीही एकसारखी असो, खरी हवेची भोकंसुद्धा त्या गालांवर होतीच. ती भरलेलीच राहायला हवीत, आणि ताईंनी कोरलेले खड्डे उघडायला हवेत. कुठलं कुठलं ते कसं ओळखायचं? मेणाची मूर्ती चिरडली गेली होती. पसंत केलेला नग विलायतेत होता. साच्यातून नवा नग काढून पाहिला तर दोनशे नगांनी साचा घासून अर्धे खड्डे उथळ झालेले. ताईंना आठवेल तेवढं आठवलं, सगळं नाही.

माल तपासणारा यादव कंपनीतला सगळ्यात प्रामाणिक माणूस. त्याने डोळ्याला भिंग लावलं, फुलवाली हातात घेतली, आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, "साहेब, ओरिजिनल तर इथंच आहे की."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग पाच दिवस हे असं चाललं. खिडकीजवळ दोन स्टुलं. एकावर नवसाबाई, हातात दाताच्या डॉक्टरकडचं टोकदार हत्यार. दुसऱ्यावर यादव, एका डोळ्याला भिंग. तो फुलवालीचा गाल बघे, मग नवसाबाईचा गाल बघे, मग कागदावर टिंब काढी. "मावशी, जरा उजेडाकडे तोंड करा. हां. डाव्या बाजूला अकरा. उजव्या बाजूला... हा वण आहे का सुरकुतीच आहे? आठ. एकोणीस झाले." एकोणीस. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिने स्वतः कधी मोजले नव्हते. आता तो आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवला गेला, आणि जाता-येता पाणी प्यायला थांबणारा प्रत्येक जण तो वाचत होता.

ती कोरत गेली. आदल्या आठवड्यात ज्या हाताने एकेक गाल बरा केला होता, त्याच हाताने एकेक गालावर देवी आणल्या. तिने काम वाईट केलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण वाईट काम तिला येतच नव्हतं, हे तिचं खरं दुर्दैव. पहिल्या दिवशी कागदाकडे बघावं लागलं, दुसऱ्या दिवसापासून नाही. नाकाशेजारचा सगळ्यात खोल. त्याच्या खाली तीन एका ओळीत. डोळ्याच्या कोपऱ्यात एक, जो हसताना दिसत नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी यादवने दोनशेवा नग खाली ठेवला, भिंग काढून डोळा चोळला आणि म्हणाला, "मावशी, एकदम पास. सगळेच्या सगळे तुमच्यासारखे झालेत."

"देवी बी एवढ्या नेमक्या आल्या नव्हत्या," नवसाबाई म्हणाली, आणि हत्यार पुसून ठेवलं.

रंगाचं काम बघणाऱ्या वत्सलाबाईने आणि तिच्या हाताखालच्या बायकांनी दोन दिवसांत रंगवून दिल्या. दोनशे फुलवाल्या कापसात गुंडाळून, खोक्यात घालून गेल्या. उत्तराताईंनी आठवणीने शब्द पाळला. एक जास्तीचा नग त्यांनी पुढे केला. "हा तुमचा. रंगवून देऊ?"

"नको. बिनरंगाचाच द्या."

ताईंनी दिला. तिच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं असावं, कारण त्या लगेच दुसरीकडे वळल्या.

रविवारी घरी दारात बसून नवसाबाईने पुट्टी मळली. हा नग तिचा होता, पास करायला यादव नव्हता की विलायत नव्हती. एकोणीसच्या एकोणीस भरले. नाकाशेजारचा दोनदा भरावा लागला, पहिल्यांदा पुट्टी वाळून खाली बसली. ओल्या पेपरने घासला, अंगठा फिरवला, परत घासला. सोमवारी वत्सलाबाईच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "हिरवं लुगडं दे. टोपलीत झेंडू." वत्सलाबाईने नगाकडे पाहिलं, नवसाबाईकडे पाहिलं, आणि ब्रश उचलला. लुगड्याला बारीक लाल काठसुद्धा काढून दिला.

पुढच्या रविवारी ती पिंपळगावला गेली. रूपालीने पाणी दिलं, समोर बसली. नवसाबाईने पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून तिच्या हातात दिली.

"अगं बाई, किती गोड आहे!" रूपालीने पुडी सोडताच म्हटलं. "तुमच्या कंपनीतली? लुगड्याचा काठ बघ की. कोण ही?"

नवसाबाई खुर्चीत पुढे सरकली. "वळख बघू."

रूपालीने फुलवाली खिडकीशी नेली, इकडून तिकडून फिरवली. अंगठा गालावरून फिरवला, नाकाच्या शेजारून खाली, अगदी तिथूनच.

"काय गुळगुळीत केलंय! हे काम तुझ्या हातचं, एवढं ओळखलं मी. पण बाई काही ओळखीची वाटत नाही. टीव्हीतली कोणी आहे का?"

नवसाबाईने पुडीचा कागद उचलला, त्याच्या घड्या घातल्या, पिशवीत ठेवला.

"कोणी नाय," ती म्हणाली. "फुलवाली हाय."

तेवढ्यात रूपालीची सासू चिमणाबाई बाहेर आली. तिनेही हातात घेऊन पाहिली. "नाकीडोळी नीटस हाय हो बाई. पुढंच ठिव गं हिला, आल्यागेल्याला दिसली पाहिजे." रूपालीने शोकेसची काच सरकवली. पितळी हत्ती बाजूला केला, लग्नाचा फोटो थोडा मागे ढकलला, आणि फुलवालीला मधोमध, पहिल्या रांगेत उभं केलं. दोन पावलं मागे येऊन बघितलं. तिला फारच आवडली होती.

"आई," ती म्हणाली, "तुझी पण अशी एखादी करायला सांग ना साहेबांना. इथंच शेजारी ठेवीन."

हे ती मनापासून म्हणाली. म्हणूनच ते इतकं लागलं.

"केली व्हती," नवसाबाई म्हणाली. "दोनशे केल्या. सगळ्या परदेशी गेल्या."

रूपालीला ती आईची नेहमीची थट्टा वाटली. ती हसली, काच सरकवून बंद केली, आणि चहा टाकायला आत गेली.